फोन बापाचा, बोट पोराचं

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात आमचं आंधळगाव. गाव धानाचं, आणि कोसा रेशमाच्या हातमागाचं. इथल्या शाळेत मी आठवी ते दहावीला शिकवते. 'इंटरनेटचा जबाबदारीने वापर' हा विषय दर वर्षी कुठल्या तरी परिपत्रकातून येतो. प्रार्थनेनंतर पोरं हात पुढे करून शपथ घेतात, शपथेचा फोटो ग्रुपवर जातो आणि विषय संपतो. त्या शपथेमुळे एकही पोरगं बदललेलं मी पाहिलं नाही. पोरं ज्यानं बदलली ते कारण दर वेळी निराळं होतं. आठवेल तसं लिहिते आहे, क्रमाला फार अर्थ नाही.

१. फोन पोराचा नसतो, घराचा असतो

'मुलाच्या फोनवर पालकांनी लक्ष ठेवावं' असं शहरातले तज्ज्ञ सांगतात. माझ्या वर्गातल्या पोराला स्वतःचा फोन असतो कुठे? घरात मिळून एक. सकाळी तो बापाबरोबर बांधीत जातो, संध्याकाळी माय त्यावर भावाशी बोलते, जेवणं उरकली की मग पोराच्या हाती लागतो. रोवणीच्या दिवसांत तेवढाही लागत नाही. बऱ्याच घरांत हा फोन आला तो २०२० साली. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, अभ्यास व्हॉट्सअॅपवर यायला लागला. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, टीव्ही असलेल्या लहानग्यांचं त्यावर भागलं. बाकीच्यांनी हप्त्यावर का होईना, फोन घेतला. शिक्षणासाठी आलेला तो फोन हळूहळू घराची बँक झाला. धानाचा पैसा जमा झाल्याचा मेसेज त्याच्यावर, खताच्या दुकानाचं देणं त्याच्यावरून, आणि पोराचा गृहपाठही त्याच्यावरच.

म्हणून मी वर्गात 'सायबर सुरक्षा' हा शब्द काढत नाही. सांगते, "तुमच्या हातात बापाचं पासबुक आहे." हे लगेच कळतं. मग फळ्यावर दोन फाइलींची नावं लिहिते. दोन्ही लग्नपत्रिकाच, पण एकीच्या शेवटी पीडीएफ आणि दुसरीच्या शेवटी एपीके. पत्रिका वाचायची असते, इन्स्टॉल करायची नसते. जी फाइल 'इन्स्टॉल करा' म्हणते आणि वर मेसेज वाचायची परवानगी मागते, ती पत्रिका नव्हे. तुमचा ओटीपी तिच्या मालकाकडे जाणार. पीएम किसानच्या नावानं येते, गाडीच्या चलनाच्या नावानं येते, नाव कुठलंही असो, शेवटची अक्षरं बघायची. पोरं हे घरी जाऊन बापाला शिकवतात आणि या एका बाबतीत बाप मुकाट्यानं ऐकतो.

दुसरी गळती गेमची. 'फ्री फायर'वर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण त्याचं 'मॅक्स' नावाचं भावंड राहिलं. त्यातले 'डायमंड' बापाच्या यूपीआयवरून घेता येतात. एका पोरानं घेतले. घरी मार खाल्ला, शाळेत कळलं. मी त्याला बोलले नाही, काम लावलं. बापाला विचारून त्या महिन्याचा सगळा खर्च फोनमधून वहीत उतरवून काढ, म्हटलं, तारीख, रक्कम, कशासाठी. निंदणाची मजुरी, फवारणीचं औषध, लाइटबिल, आजीच्या गोळ्या, आणि मध्येच डायमंड. वही त्यानं मला दाखवली नाही, बापाला दाखवली म्हणे. पुढचं मी विचारलं नाही.

फसवणुकीत पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, हे मात्र पोरांकडून पाठ करून घेते. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम मध्येच गोठवता येण्याची आशा जास्त. लाजेपायी दोन दिवस गप्प बसलेला माणूस सहसा पैसे गमावून बसतो.

२. नाव सापडलं म्हणजे गाव सापडलं, असं नाही

नववीला 'माझे गाव' असा प्रकल्प दिला. आठवडाभरात छान रंगीत मुखपृष्ठांच्या फायली आल्या. एकीत आमच्या गावची ज्वारी प्रसिद्ध होती. भंडारा जिल्ह्यात ज्वारी प्रसिद्ध! मी विचारलं तर पोरगा ठामपणे म्हणाला, "मॅडम, गुगलवरच आहे तं जी!" गुगलवर होतंच. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा तालुक्यातही एक आंधळगाव आहे, आणि मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. पुणे जिल्ह्यात शिरूरकडे आणखी एक आहे. पोरानं नाव जुळलेलं पाहिलं आणि उतरवून घेतलं. आपल्या गावात ज्वारीचं शेत शोधायला गेलं तर किती चालावं लागेल, हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. आणि हा पोरगा शेतकऱ्याचा.

दुसऱ्या फाइलीतली भाषा इतकी गुळगुळीत होती की एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. तेव्हाच मला शंका आली. व्हॉट्सअॅपमधल्या त्या निळ्या कड्याला, म्हणजे मेटा एआयला, विचारून लिहिलेलं. त्यानं आंबागडचा किल्ला उचलून आंधळगावात आणून ठेवला होता. किल्ला तुमसर तालुक्यात आहे, आणि फाइल करणारी पोरगी स्वतः तिथे सहलीला जाऊन आली होती! सहलीत पाहिलेल्यापेक्षा पडद्यावर वाचलेलं तिला खरं वाटलं. मला यातली सगळ्यात चिंतेची गोष्ट हीच वाटते. रील, गेम यांच्यावर सगळे ओरडतात. पण स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडणं, हे कुणाच्या परिपत्रकात येत नाही.

फायली परत दिल्या. गुण कापले नाहीत. एवढंच सांगितलं की प्रत्येक वाक्यापुढे समासात 'कोणी सांगितलं' ते लिहा. 'गुगल' चालणार नाही, गुगल काही सांगत नाही, तो नुसता दाखवतो. पान कोणाचं, ते लिहायचं. मराठी विश्वकोशाचं असेल तर तसं. लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं हे काम आता नेटवर फुकट वाचायला मिळतं, आणि नोंदीखाली बहुधा लेखकाचं नाव असतं, हे पोरांना नवीन होतं. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथे कोणीही लिहू शकतं, म्हणून खालचे संदर्भ बघायचे. आणि गावातल्या माणसानं सांगितलं असेल तर त्याचं नाव लिहायचं, तेही तितकंच चालेल.

समास भरताना फायली निम्म्या झाल्या. उरलं ते बरंचसं खरं होतं.

३. काठाचा फोटो

'गावातल्या माणसानं सांगितलं' या सवलतीमुळे पोरं कोष्ट्यांच्या घरी जायला लागली. काही पोरं त्याच घरांतली, तरी माग कसा चालतो हे त्यांनी नीट कधी विचारलं नव्हतं. एकदा मीही बरोबर गेले. वयस्कर विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचा कोष, तो उकळून काढलेलं सूत, त्याचा मधासारखा मूळ रंग, हे सगळं त्यांनी हात न थांबवता सांगितलं. धोटा इकडून तिकडे जात होता. काठावर करवतीच्या दात्यांची नक्षी चढत होती. करवत काठी म्हणतात ती हीच, आता तिला भौगोलिक मानांकनही आहे.

एका पोरानं फोन काढला. विणकर म्हणाले, "फोटो घे बापू, माझा घे, मागाचा घे. काठाचा नको घेऊ. हा काठ नेटवर गेला का पॉवरलूमवाले उतरवून घेतात."

पोरगा गोंधळला. नेटवर टाकणं म्हणजे प्रसिद्धी, म्हणजे आजोबांचा फायदाच, असं त्याला वाटत होतं. आम्ही तिथेच बसून बोललो. हाताने विणायला कितीतरी दिवस लागणारी नक्षी यंत्रावर झटपट निघते आणि बाजारात तीच 'कोसा' म्हणून निम्म्याहून कमी भावात विकली जाते, हे विणकरांनी सांगितलं. मग पोरानं फोन त्यांच्याच हातात दिला आणि काढलेले फोटो एकेक दाखवले. "हा चालेल? हा?" त्यांनी दोन पुसायला लावले. पोरानं पुसले. रिसायकल बिनमधूनही काढून टाकले, आणि तेही त्यांना दाखवून.

संमतीवर मी वर्गात तासभर बोलले असते तरी एवढं पोहोचलं नसतं. तेव्हापासून आमच्या प्रकल्पांना एक नियम आहे: ज्याचा फोटो, त्याला तो आधी दाखवायचा, आणि तो कुठे जाणार हे सांगायचं. कंटाळवाणा नियम आहे. पोरं कुरकुरतात. चालू आहे.

४. दोन बाण

पोरं चोरणाऱ्या टोळीचा मेसेज आमच्याकडे दर एक-दोन वर्षांनी उगवतो. तो उगवला की मी राईनपाड्याचं सांगते. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारे आलेत, अशी अफवा मोबाईलवर आधीपासून फिरत होतीच. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. घरापासून इतक्या लांब, पोटासाठी आलेली माणसं. त्यातली बहुतेक मंगळवेढ्याकडची होती, म्हणजे त्या दुसऱ्या आंधळगावच्याच मुलखातली, हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो.

त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर मुलांच्या सुरक्षिततेसाठी कराचीतल्या एका संस्थेनं केलेली जाहिरात होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, आणि शेवटी परत आणून सोडतात. शेवट कापला आणि फिरवला. राईनपाडा घडलं त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजला एकाच ठिकाणची. दोन बाणांची खूण असते तो असा मेसेज. पोरांना बाण माहीत होते. ते बाण म्हणजे 'महत्त्वाचं आहे' असा त्यांचा समज होता!

धान निघालं की आमच्याकडेही बहुरूपी येतात, गोसावी येतात. पोरांना मी विचारते, हा मेसेज तू पाठवलास आणि उद्या ते आले, तर त्यांना ओळखणारं गावात कोण आहे? बहुतेक पोरांच्या आज्या ओळखतात. मग आजीला विचारून पाठव. आजीला विचारलं की सहसा मेसेज तिथेच राहतो.

५. खोटी भीती घातली तर पोरं पुढचं ऐकत नाहीत

२०१७ मध्ये 'ब्लू व्हेल' गेमचा केवढा गाजावाजा झाला होता. शाळाशाळांतून सूचना गेल्या. त्याच्या नावावर घातलेल्या आत्महत्यांमागे हा गेम असल्याचं सिद्ध झालं नाही, असं जानेवारी २०१८ मध्ये सरकारनंच संसदेत सांगितलं. ते कुठल्याच शाळेनं पोरांना सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पोरं मात्र ते स्वतः शोधून वाचतात, आणि मग मोठ्यांचं सगळंच बोलणं त्याच खात्यात टाकतात.

६. मुलगी का सांगत नाही

सगळ्यात अवघड गोष्ट ही. स्नेहसंमेलनातला नाचाचा फोटो कुणीतरी उचलतं, त्यात चेहरा तोच ठेवून बाकीचं बदलतं, आणि तो फिरायला लागतो. किंवा मुलीच्या नावानं खोटं खातं निघतं. मुलीला सगळ्यात आधी कळतं आणि ती सगळ्यात शेवटी बोलते. कारण तिला माहीत असतं, घरी कळलं की आधी फोन जाईल, मग शाळा जाईल, आणि मग मामाकडून स्थळ येईल. ज्यानं केलं त्याचं काही जाणार नाही.

म्हणून मी पोरींना पहिली गोष्ट सांगते ती कायद्याची नाही. "माझ्याकडे आलीस तर तुला विचारल्याशिवाय मी घरी फोन करणार नाही. घरी सांगावं लागलंच, तर तुझ्यासोबत मी येईन." हे वाक्य पाळावं लागतं. एकदा जरी मोडलं तर पुढची मुलगी येत नाही.

मग बाकीचं. घाबरून पुसायचं नाही, आधी स्क्रीनशॉट घ्यायचा, खात्याचं नाव दिसेल असा. मग रिपोर्ट, मग ब्लॉक. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता, पण समाजमाध्यमं वापरणाऱ्यांत आपलं खातं खासगी कसं करायचं हे माहीत असलेले जेमतेम ५५ टक्के निघाले. माझ्या वर्गात तर मुलींना हे मुलांकडून शिकावं लागायचं, आणि अडचण नेमकी तीच होती. आता आमच्याकडे दहावीच्या मुली नववीच्या मुलींना शिकवतात, दार लावून, मुलगे आणि मीही बाहेर.

मुलांना वेगळं बसवून कायदा सांगते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब: १८ वर्षांखालच्या मुलीचं तसलं चित्र बनवणंच नव्हे, उतरवून घेणं आणि पुढे पाठवणं हाही गुन्हा, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि दहा लाखांपर्यंत दंड. "मी नाही केला मॅडम, मले आला होता" हे ज्याला वाचवेल असं वाटतं, त्याच्यासाठी हे. पोलीस ठाणं आमच्या गावातच आहे, १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, सरकारच्या सायबर तक्रारीच्या संकेतस्थळावर अशा प्रकरणात नाव न सांगताही तक्रार नोंदवता येते. गावात ठाण्याची पायरी चढताना चार लोक बघतात, त्यामुळे शेवटचा मार्ग मुलींना जवळचा वाटतो.

आणि शाळांबद्दल एक. कार्यक्रम झाला की मुलींचे फोटो, खाली नाव, इयत्ता, गाव, सगळं जगजाहीर करण्याची जी चढाओढ लागलेली असते, ती आधी थांबवायला हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. विणकराला फोटो दाखवणाऱ्या पोरानं उद्या आम्हा शिक्षकांना विचारलं, की मॅडम, माझा फोटो टाकायच्या आधी मला दाखवला होता का, तर?

७. बंदी आणि भोंगा

नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीनं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला, मोडला तर २०० रुपये दंड. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे वेगळं सुरू झालं: संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद. ऑस्ट्रेलियानं तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातंच नाकारलं आहे.

बांशीची कळकळ खरी आहे, पण मला वडगावचं पटतं. तिथे नियम बापालाही लागू आहे. हे मी पालकसभेत सांगितलं तर मागच्या रांगेतली एक आई उठून म्हणाली, "मॅडम, आमच्या घरचा भोंगा तं रात्री बारा वाजेपर्यंत रील पाहत राह्यते." सभा हसली. ज्याच्याबद्दल बोलली तो गृहस्थ शेजारीच बसला होता, तोही हसला. काही घरांनी दीड तासाचं ठरवलं. धान कापणीला आलं तसं ते मोडलं, मग पुन्हा कुणीकुणी सुरू केलं. आमच्या गावात भोंगा बसला नाही आणि बसेल असंही वाटत नाही.

८. नंबर घरचा टाकायचा

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. १३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला आणि आमची पोरं ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रांवर रांगा लावून उभी राहिली. घाईत केंद्रवाला काय करतो? स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो, पासवर्ड स्वतःच ठरवतो, सगळ्यांचा मिळून एकच, आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. मग कॉलेज बदलायचं तर त्याच्याकडे जा, ओटीपी त्याच्याकडेच येणार. यात त्याचा दुष्टावा असतोच असं नाही, त्याला गर्दी हटवायची असते. पण पसंतीची दहा कॉलेजं कुठली आणि कुठल्या क्रमानं, हे पोरानं घरी बसून ठरवायचं की काउंटरवर धक्के खात?

म्हणून परीक्षा संपता संपताच आम्ही शाळेत कागदी फॉर्म भरून बघतो. पसंतीक्रम पेनानं लिहायचा, घरी दाखवून आणायचा, सोबत घरातला चालू नंबर आणि स्वतः बनवलेला पासवर्ड, तो मात्र कुणालाच नाही दाखवायचा, मलाही नाही. गेल्या वर्षी आमच्या एका पोरीनं तो कागद हातात धरून केंद्रवाल्याला सांगितलं, "काका, नंबर आमचा टाका. पासवर्ड मी टाकते, तुम्ही जरा तिकडं पाहा जी." काका चिडले, मागे अजून पंधरा जण उभे आहेत म्हणाले. पोरगी कीबोर्डवर हात ठेवून उभीच राहिली. शेवटी त्यांनी मान वळवली.